उतरवलेल्या तारा

पारोळ्याच्या स्टँडवर जळगावची गाडी लागली होती आणि मी माझ्या धाकट्या बहिणीला, कुसुमला, गिटारच्या तारा कशा उतरवायच्या ते तिसऱ्यांदा सांगत होतो. वैशाख होता. जबलपूरच्या एका तांत्रिक शाळेत मला शिक्षकाची नोकरी लागली होती. राहण्याची सोय अजून नव्हती, म्हणून गिटार घरी ठेवणे भाग होते.

"खुंट्या एका दमात फिरवू नकोस. सगळ्या तारा थोड्या थोड्या सैल कर. या उन्हात ताण राहिला तर गिटारची मान वाकते. आणि मी पत्र घालीपर्यंत पुन्हा चढवू नकोस."

"बरं, भाऊ," कुसुम म्हणाली.

आमचे वडील, नाना, गाडीच्या खिडकीशी आले आणि नेहमीचे वाक्य बोलले, "आधी सवय, मग करामत."

नाना प्राथमिक शाळेत शिक्षक होते. हे वाक्य त्यांनी अक्षर गिरवणाऱ्या मुलांसाठी केले होते, मी ते गिटारला लावले. जळगावला कॉलेजात असताना दर रविवारी मी भुसावळच्या एका निवृत्त रेल्वे गार्डांकडे शिकायला जात असे. त्यांनी पहिल्याच दिवशी मला एक सोपे गाणे वाजवायला लावले होते. कुसुमला शिकवताना मी ते विसरलो. पहिला महिना तिने नुसते बसायला शिकायचे होते. पाठ सरळ, मनगट न मुडपलेले, अंगठा मानेच्या मागे. मग बोट पडद्याच्या, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्टीच्या, अगदी लगत, नाहीतर जोर जास्त लागतो आणि स्वर झणझणतो. डाव्या हाताची नखे कापलेली. वीस मिनिटांनी हात थांबवून मूठ उघडायची. बोटांना फोड आला तर फोडायचा नाही. ओल्या हाताने तारांना स्पर्श करायचा नाही, गंज चढतो. हे सर्व बरोबरच होते, आजही मी हेच शिकवतो.

तिला मात्र एकच गोष्ट हवी होती. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते, तेव्हा आई जे गाणे म्हणे, त्याची चाल तिला आईच्या मागोमाग वाजवायची होती. मी म्हणालो, "अजून बोटं तयार नाहीत." मी निघालो तेव्हा ती तयार होत आली होती. बोटांची टोके घट्ट झाली होती.

जबलपूरला क्वार्टर मिळाले. तिथे मी 'मास्साब' झालो, दुपारच्या जेवणाला 'लंच' म्हणू लागलो आणि सुट्टीला 'छुट्टी'. एका सहकाऱ्याची गिटार मिळाली, संध्याकाळी क्लबात वाजवू लागलो. कुसुमचे दरमहा एक कार्ड येई. शेवटची ओळ ठरलेली असे, 'गिटार पुसली. तारा सैल आहेत.' ती मला कळवते आहे, असे मी समजत होतो. ती विचारत होती.

पहिल्या उन्हाळ्यात आईने गहू, गोधड्या, लाकडी पाट असे सगळे अंगणात काढले आणि गिटारची पेटीही उचलली. घराला वर्षातून एकदा ऊन दाखवायचे, ही आमच्याकडची रीत. "बठ्ठं घर उनमा शे, मंग हाई पेटीच काबर सावलीमा?" असे आई म्हणाली; सगळे घर उन्हात, तर ही पेटीच सावलीत का, हा तिचा सवाल. कुसुम पेटीवर बसून राहिली. शेजारच्या अक्का येता-जाता टोमणा मारीत, "मास्तरची पोर पेटी पुसते, देव बसवलाय का आत?" हे सारे मला पुढे नानांकडून कळले.

दिवाळीला मी दोन दिवसांसाठी जाई. पेटी उघडून पाही, शाबास म्हणे आणि परते. असे तीन श्रावण गेले. चौथ्या वर्षी तिचे लग्न पिंपळनेरला ठरले. हळदीच्या दिवशी तिने पेटी माझ्यासमोर आणवली.

"भाऊ, पाहून घे. कुठे चरा नाही."

मान सरळ होती. तारा पेलणारी घोडी जागेवर होती. तारा मी सांगितल्याप्रमाणे उतरवलेल्या. मी खुंट्या फिरवून स्वर जुळवले आणि म्हणालो, "आईचं गाणं वाजव."

"तू पत्र घालणार होतास," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. मग तिने दोन्ही तळवे पुढे केले. "आणि आता हे हळदीचे हात. ओल्या हाताने लावायचं नाही ना?"

बायका हसल्या, तीही हसली. तिच्या बोटांची टोके मला जवळून दिसली. मऊ झाली होती. आई शेजारीच बसली होती. ते गाणे तिने त्या दिवशीही म्हटले, साथीशिवाय.

गिटार आता जबलपूरला माझ्या खोलीत आहे. गिटार शिकायला येणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला मी पहिल्या दिवशी एक गाणे वाजवू देतो. मनगट त्याचे चुकते, ते दुसऱ्या दिवशी सुधारतो. नाना असते तर त्यांना हे पटले नसते. गावातून बाहेर पडलेले आम्ही सारे घराविषयी बोलू लागलो की कुणी अंगणाचा विषय काढतो, कुणी आईच्या हातच्या चवीचा. मला घर म्हणजे माझा शब्द माझ्या मागे तीन वर्षे पाळणारी मुलगी वाटते, आणि त्या घराला मी पत्र घातले नाही.

गेल्या वैशाखात शेवटी कार्ड लिहिले, पिंपळनेरच्या पत्त्यावर. 'कुसुम, तारा चढव.'

आठ दिवसांनी उत्तर आले. 'भाऊ, गिटार तुझ्याकडे आहे.'