तांबडीसाठी निवडलेली चवळी

त्यांचं खरं नाव लोक कधीच विसरले होते. पेरणीआधी रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणायची आणि तिच्या धाकात ओळी धरायच्या, म्हणून सगळे त्यांना ‘दोरीवाले’ म्हणत. मक्याच्या रानात फक्त मका. मध्ये दुसरं काही उगवलं की ते तण, आणि तण म्हणजे दोरीवाल्यांचा सात जन्मांचा वैरी.

अशा माणसाला सून सांगायला आली, की चाऱ्याच्या मक्यात दर दोन ओळींनंतर एक ओळ चवळीची घालू.

“आबा, माझ्या माहेरी असंच करतात. मक्यानं पोट भरतं, चवळी अंगी लागते.”

“एका म्यानात दोन तलवारी? आणि ही पिशवी कसली?”

“झिंकची. आपल्या मक्याच्या पानांवर पांढरट पट्टे पडतात ना, ते जमिनीत झिंक कमी आहे म्हणून. माती तपासून आणलीय मी. पेरताना शेणखतात थोडंसं मिसळायचं.”

“मग आम्ही इतकी वर्षं काय माती खाल्ली?”

पण गोठ्यातली तांबडी गाय व्यायल्यापासून वाळत चालली होती आणि मुलानं तिला विकायचं मनावर घेतलं होतं. तांबडीची आई ती लहान असतानाच गेली. दोरीवाल्यांनीच तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. तिच्यापायी त्यांनी नाक मुठीत धरून निम्मं रान सुनेच्या हवाली केलं. चवळीच्या ओळींची दोरी मात्र स्वतः ताणली. वाकडी ओळ त्यांना बघवली नसती.

पीक वर आलं. त्यांच्या निम्म्या रानात नेहमीचे पांढरट पट्टे, सुनेकडचा मका गर्द हिरवा. दोरीवाले बांधावरून बघत राहायचे आणि कुणी आलं की मान फिरवायचे. पण गोठ्यात मान फिरवून भागत नव्हतं. नुसत्या मक्याची बारीक चिरलेली कुट्टी टाकली की गव्हाणीत जाड देठं उरायची. मका-चवळीची टाकली की गव्हाण चाटूनपुसून लख्ख. तांबडीच्या अंगावर तजेला दिसू लागला. ‘चारा चांगला आहे’ एवढं सुनेला सांगायला मात्र त्यांची जीभ रेटेना.

तेवढ्यात मुलानं सांगितलं, की रविवारी व्यापारी गाय बघायला येतोय. दोरीवाल्यांनी मनाशी हिशेब मांडला. रविवारच्या आत तांबडी धडधाकट दिसली, तर मुलाचं मन पालटेल. चवळी अंगी लागते ना? मग मका हवाच कशाला? सकाळी दव वाळायच्या आत ते रानात गेले, ओळीतून नुसती चवळी निवडून भारा बांधला आणि उपाशी तांबडीपुढे कुणाला न सांगता टाकला. तिनं मिटक्या मारत खाल्ली. ते कौतुकानं बघत राहिले.

दुपारच्या आत तांबडीची डावी कूस फुगून टम्म झाली. ती पाय झाडू लागली, जीभ बाहेर आली. जनावरांचे डॉक्टर धावत आले.

“काय खाल्लंय हिनं?”

“रोजचंच. कुट्टी मीच घातली,” सून म्हणाली.

“रोजच्या चाऱ्यानं असं होत नाही. काही विषारी पोटात गेलं असेल तर इलाज वेगळा करावा लागेल.”

मुलगा बायकोकडे वळला. “तुझी ती झिंकची पिशवी! चाटली असेल हिनं. सांगत होतो, नसते उद्योग करू नकोस म्हणून.”

“पिशवी माळ्यावर आहे, तोंड बांधलेली,” ती म्हणाली. पण बोलता बोलता तिची नजर माळ्याकडे गेली. तिलाच आता स्वतःची खात्री वाटेना.

दोरीवाले तोंडात मिठाची गुळणी धरून खांबाला टेकले होते. बोललो तर सुनेपुढे लाज जाईल. न बोललो तर तिच्यावर आळ राहील, आणि डॉक्टर भलतंच औषध देतील. तांबडी त्यांच्याकडेच बघत होती. त्यांना स्वतःची भयंकर शरम वाटली.

“मी घातली,” ते म्हणाले. “चवळी. नुसती, ओली, भाराभर. रविवारी ही धडधाकट दिसावी, विकली जाऊ नये म्हणून. पोरीचा काही दोष नाही.”

डॉक्टरांनी मग वेळ घालवला नाही. तोंडातून नळी आत सारली, औषध आणि तेल पाजलं, तिचे पुढचे पाय उंचवट्यावर ठेवून तिला उभी धरली. हळूहळू वायू सरला, कूस उतरली. निघताना ते दोरीवाल्यांना म्हणाले, “अति तिथं माती, बाबा. उपाशी पोटी नुसती ओली चवळी म्हणजे वायू धरणारच. थोडा उशीर झाला असता, तर गाय हातची गेली असती.”

मुलगा मान खाली घालून बाहेर गेला. व्यापाऱ्याला फोनवर ‘येऊ नका’ म्हणून सांगतानाचा त्याचा आवाज आत ऐकू आला.

सून सांडलेलं तेल पुसत होती. दोरीवाले तिच्याजवळ येऊन उभे राहिले. ती या घरात आल्यापासून त्यांनी तिला शंभर गोष्टी सांगितल्या होत्या. विचारली एकही नव्हती.

“उद्या हिला काय घालू?” त्यांनी विचारलं.

“आधी वाळलेली वैरण,” ती म्हणाली. “मग दोन वाटे मका, एक वाटा चवळी. चवळी तोडून थोडी सुकू द्यायची, मगच.”

“आणि पुढच्या पेरणीला ते झिंक किती लागेल?”

“निम्म्या रानाला?”

“सगळ्या,” दोरीवाले म्हणाले.