मुकं चाक

आमच्या ह्यांच्या सायकलच्या मागच्या चाकाचा मला भयंकर राग होता. बेसा भागातल्या आमच्या गल्लीत हे वळले की चाकातल्या बेअरिंगच्या सुट्या छर्‍यांची किर्रकिर्र सुरू व्हायची. घरात कूलर धडधडत असला तरी ऐकू यायची. त्या आवाजावरच मी चहाचं आधण ठेवायची, पण कबूल कोण करतं! "अख्ख्या गल्लीले कळते तुम्ही आले ते," म्हणून रोज कटकट. जळो मेली माझी जीभ!

"कळू दे नं वं," हे म्हणायचे. अंगणात पेपर पसरून चाक खोलायचे, छर्रे धुवायचे, ग्रीस भरायचे. चार दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. बीपीचा माणूस उन्हात तासभर उकिडवा बसलेला पाहून माझा जीव खालीवर व्हायचा.

शेवटी मीच सायकल मिस्त्रीकडे नेली. नवे छर्रे टाकायचे की सीलबंद बेअरिंग बसवायचं, त्याने विचारलं.

"काकू, छर्रे खराब झाले का चाक बोंबलते. सीलबंद मुकं राहते. बिघडलं तरी लवकर पत्ता नाही लागत."

"मुकंच पाहिजे मले," मी ठणकावून सांगितलं.

"माह्या सायकलले काहून हात लावला?" म्हणत हे दोन दिवस रुसले. चाक मात्र सुर्रकन फिरायचं. हे कधी आले, कळेचना. एकदा ओट्याशी मी वळले तर हे मागेच उभे! असं न कळणं काही बरं नाही, असं वाटलं होतं तेव्हाच. पण बोलू कोणत्या तोंडाने? हौस माझीच होती.

मे महिन्यात एका सकाळी हे भाजीला गेले. मी कूलरसमोर डाळ निवडत बसले. उशीर झाला तशी चिडले, बसले असतील कुठेतरी गप्पा हाणत. ऊन चढल्यावर बघायला बाहेर आले. फाटकाच्या आत सायकल नीट स्टँडवर लावलेली, आणि शेजारी हे पडलेले. तोंड वाकडं झालेलं. पिशवीतली कोथिंबीर पार सुकून गेली होती.

"किती वाजता पडले?" दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं. "लवकर सांगा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं की नाही, ते पडून किती वेळ झाला त्यावरच ठरतं."

जुनं चाक असतं तर मी मिनिटासकट सांगितलं असतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

डॉक्टर नर्सकडे वळले आणि म्हणाले, "इंजेक्शन राहू द्या."