आक्कांचा मीटर, माझा नंबर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. किस्से सांगण्यात आमच्या घराण्यात माझा हात कुणी धरत नाही; पण हा किस्सा नव्हे.

सुरुवात मात्र माझ्याच एका फजितीपासून करतो — सवय, दुसरं काय! मोबाईलवर संदेश आला : बिल भरलेलं नाही, आज लाईट तोडू, या साहेबांना फोन करा. घाबरून केला. खुर्चीतून उठून, चक्क उभा राहून, त्या चोराला 'साहेब, साहेब' करत बँकेचे आकडे सांगू लागलो. बायकोनं फोन हिसकावला म्हणून वाचलो. लग्नकार्यात मी हे रंगवून सांगतो, लोक पोट धरून हसतात.

पुढचं गाळतो. त्या दिवसापासून लाईटचा कुठलाही संदेश दिसला की तो त्या चोराचाच वाटायचा. न वाचताच पुसून टाकायचो. आमचं बिल मुलगी परस्पर भरते — मग वाचायचं कशाला?

आता मला सांगा, अशा माणसानं काय करू नये?

आमच्या साताऱ्याच्या गल्लीत स्मार्ट मीटर बसवायला माणसं आली. शेजारच्या आक्कांचे यजमान, तात्या, मिलिटरीतून निवृत्त; छातीच्या दुखण्यानं ऑक्सिजनच्या मशीनवर. "आवं भावजी, मोबाईलचा नंबर मागत्यात. आमच्याकडं कुठला आलाय?" आक्का म्हणाल्या.

"माझा द्या की! काय आलं तर सांगतो." — छाती काढून म्हणालो मी.

पूर्वी वायरमन यायचा. "आक्का, आज भरा, न्हाईतर तोडाय लागंल," असं बजावायचा, आतल्या मशीनची घरघर ऐकायचा आणि पिशवीतली पक्कड न काढताच जायचा. नव्या मीटरची लाईट तोडायला कुणाला दारात यावं लागत नाही. कागदी बिलही येईनासं झालं. आक्का वाट बघत राहिल्या — बिल आलं की भरू.

एका दुपारी त्यांची किंकाळी ऐकू आली. गल्लीत सगळ्यांचे पंखे चालू, फक्त त्यांचं घर बंद. तात्यांचे ओठ निळे पडलेले. उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यापर्यंत त्यांचा हात माझ्या हातात होता, आणि मनात काय होतं? तात्या वाचू देत? नाही हो. मनात एवढंच — माझ्या फोनवर आलं असेल का?

आलं होतं. पुसलेल्या संदेशांत आक्कांच्या बिलाचे संदेश एकाखाली एक पडलेले होते. शेवटच्यात लिहिलं होतं : घरात कुणी मशीनवर असेल तर कळवा, लाईट तोडणार नाही. एवढंच कळवायचं होतं. मी ते तिथूनही पुसले.

तात्या वाचले. पण तेव्हापासून अंथरुणावरून उठलेले नाहीत. अधूनमधून जातो, तर तेच मला बसायला सांगतात.

गल्लीनं वीज कंपनीविरुद्ध तक्रार केली. सुनावणीत कंपनीची एक तरुण अधिकारी म्हणाली, "संदेश पाठवलेत. पोचलेत." सगळे माझ्याकडे वळले. "एकही आला नाही," मी म्हणालो. फोन दाखवा म्हणाली तर? — मी खिशातला फोन मुठीत घट्ट धरला. तेवढ्यात आक्काच उठल्या : "भावजी खोटं बोलायचे न्हाईत. तूच खोटं बोलतीयास, पोरी."

गल्लीनं गलका केला. त्या मुलीनं मान खाली घातली. खरं बोलणाऱ्या मुलीनं! आणि मी — मी मान वर करून उभा.

अजूनही फोन वाजला की दचकतो. कुणाला काही सापडलं का? पलीकडची घरघर जरा थांबली तरी घाम फुटतो. भीती तात्यांसाठी आहे की माझ्यासाठी, हे मी स्वतःला विचारत नाही. उत्तर ठाऊक आहे.

त्या दिवशी सुनावणीहून घरी आलो. बायकोनं पाणी आणून दिलं, शेजारी बसली आणि म्हणाली, "आवं, उद्या आपल्यावर अशी पाळी आली, तर आपल्याला बी तुमच्यासारखाच शेजारी मिळू दे."