वृंदाच्या टाकीतले उपाशी मासे

आमची वृंदा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, शरदची बायको. रोह्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. शिकवायची ते शिकवायची, वर आमच्या शाकाहारी घरात मासे आणून ठेवायची! "मारतेसच, तर निदान तळून खा गं," असं मी चिडवायचे. ती हसायची आणि टाकीत डोकं घालायची.

कारखान्याच्या पाण्याने गोड्या पाण्यातल्या माशांचं काय होतं, हा तिचा अभ्यास. पण त्या भाद्रपदात तो नुसता अभ्यास उरला नव्हता. निडीजवळच्या वाडीतला गुणाजी तिच्याकडे आला होता. त्यांच्या ओढ्यात मासे उलटे पडत होते आणि वाडी तेच पाणी पीत होती. कारखानेवाले म्हणत, आमच्या पाण्यात काही दोष नाही. सोमवारी पेणला प्रदूषण खात्याच्या साहेबांसमोर बैठक होती. वृंदाने पुरावा दिला तर ओढ्यात सोडलेलं कारखान्याचं पाणी बंद होणार होतं.

रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या आमच्या घरी पडवीत तिने दोन टाक्या मांडल्या. एकीत ओढ्याचं पाणी, दुसरीत विहिरीचं. दोन्हींत गुणाजीने वरच्या डोहातून आणलेले बोटभर मासे. चार दिवस त्यांना खायला घालायचं नाही, अन्न कुजलं की पाणी बिघडतं. आणि विहिरीच्या पाण्यातले मासे जगलेच पाहिजेत, नाहीतर सगळंच फुकट. हे तिने घरात सगळ्यांना बजावलं होतं. आई तेव्हा दोन दिवसांवर आलेल्या श्राद्धाच्या वड्यांची डाळ निवडत होती.

तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या पाण्यातले सगळे मासे मेले. विहिरीचे मजेत होते. वृंदा कॉलेजात गेली, जाताना चक्क गाणं गुणगुणत होती.

चौथ्या दिवशी सकाळी तिची हाक ऐकून मी पडवीत धावले. विहिरीच्या टाकीतलं पाणी पांढरट, आंबूस वास, आणि सगळे मासे वर तरंगत होते.

"आई, यात काय घातलंत?"

"खीर आणि दोन घास भाताचे," आई म्हणाली. "काल यांचं श्राद्ध, कावळ्याला घातलं, गाईला घातलं, आणि घरातले जीव उपाशी ठेवू? जिवंत होते त्यांनाच घातलं हो मी." तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला इतका संताप आला, पण ओरडणार कुणावर?

गुणाजी आला. त्याने सगळं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "म्याडम, जगले म्हणून लिवा. कोनाला कळनार हाय?"

मलाही तेच वाटत होतं. शप्पथ सांगते, मनापासून वाटत होतं. खरं काय ते आम्हाला ठाऊकच होतं ना! वृंदा जाळीने मेलेले मासे काढू लागली.

सोमवारी पेणला मी तिच्याबरोबर गेले. साहेबांनी विचारलं, "विहिरीच्या पाण्यातल्या माशांचं काय झालं?"

वृंदा उभी राहिली. "तेही मेले. घरच्या चुकीने. प्रयोग पुन्हा करावा लागेल."

कारखान्याचा माणूस हसला. मेल्या, दात काय काढतोस, असं माझ्या ओठांवर आलं होतं. साहेबांनी नवा पुरावा येईपर्यंत कारखान्याचं पाणी चालू ठेवायला सांगितलं आणि बैठक उठली.

स्टँडवर गुणाजी आमच्याकडे पाहीना. मीच भडकले, "अरे, तिने खोटं बोलायला हवं होतं का?"

"नाय बाय. त्या खरं बोलल्या, चांगलं झालं," तो म्हणाला. "पानी आमची पोरं पितात."

वृंदाचे डोळे भरून आले होते. "गुणाजी, मासे पुन्हा आणशील? मी उद्याच टाक्या लावते."

रोह्याची एसटी लागली. लोक चढू लागले. तो तसाच उभा राहिला.

"मासं आनीन, म्याडम," तो म्हणाला. "तोवर पियाचं काय, तेवढं सांगा."