आईच्या गळ्यातला राणीछाप

दिवाळीला माहेरी आलेल्या माझ्या नणंदेनं देव्हाऱ्यातली चांदी उजळायला साताऱ्याला नेली. रहिमतपूरला परत आली ती तोंड वाकडं करूनच. निरांजन, ताम्हन, सासरचे जुने रुपये सगळं लखलखीत. माझ्या आईनं लग्नात दिलेला राणीछाप रुपया तेवढा वेगळ्या कागदात गुंडाळलेला.

"वहिनी, हा खोटा आहे. सोनारानं माझ्यासमोर घासला. पितळ निघालं."

"असू दे गं," सासूबाई म्हणाल्या, "पण लक्ष्मीपुढं खोटं नाणं नको."

बोलल्या मऊच, पण माझ्या काळजात चर्र झालं. आटपाडीच्या बाईनं लेकीची खोट्या रुपयावर बोळवण केली, हे आता पाहुण्यापाहुण्यांत होणार! नणंदेच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आख्ख्या गल्लीला ठाऊक. आणि माझी आई म्हणजे उसनं मीठसुद्धा शीग लावून परत करणारी बाई. मला असा राग आला म्हणून सांगू!

माझे वडील गलाईवाले. परमुलखात भट्टीपुढं बसून चांदी गाळण्यात त्यांचा जन्म गेला. आई गावाकडं घर सांभाळायची, पण मी शाळेच्या सुट्टीत त्यांच्या भट्टीपाशीच असायचे. आणि मला चांदी शिकवता व्हय?

रुपयाच्या काठावरून बोट फिरवलं. एका जागी खरखर लागली, आणि एकदम आठवलं. आईच्या कडेवर बसून मी हाच रुपया चोखायचे! तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात असायचा. दोरा ओवायला कडी होती, आणि कडी चिकटवायला डाग दिलेला. डागात पितळ असणारच की! सोनारानं नेमकं तिथंच घासलं होतं.

"वन्सं, चप्पल घाला. साताऱ्याला जायचंय."

"आत्ता? करंज्या राहिल्यात."

"करंज्या कुठं पळून जात नाहीत."

सोनार वयस्कर होते, शांत. मी म्हटलं, "काका, ह्या खरखरीत जागी नको. पलीकडच्या काठाला घासा." त्यांनी कसोटीच्या दगडावर घासला. पांढरी रेघ उमटली. तीवर तेजाबाचा थेंब, मग मिठाच्या पाण्याचा. नणंद श्वास रोखून बघत होती. मीही, खोटं कशाला बोलू? आणि रेघेवर दही विरजल्यागत पांढरंशुभ्र साकळलं. चांदी! अस्सल!

"चुकलं माझं, ताई," सोनार म्हणाले. "डागावर घासला गेला."

"मी म्हणतच होते, वहिनींच्या माहेरचा खोटा कसा असेल," नणंद म्हणाली. काय बोलावं या बाईला! मला हसूच फुटलं.

दुकानातूनच आईला फोन लावला. सगळं रामायण सांगितलं. मला वाटलं, माझ्यापेक्षा जास्त चिडेल.

"खरा हाय म्हणतीस?" आईनं विचारलं. "नीट बघितलंस न्हवं?"

"म्हणजे? तुला माहीत नव्हतं?"

"न्हाई बाई. लय वर्सामागं, पाऊस न्हवता तवा, इकायला न्हेला हुता. त्या सोनारानं कडी तोडून घासला आन् म्हणला, खोटा हाय. तसाच माघारी आणला. माझ्या आईनं दिल्याला, टाकू कसा? तुला देताना जीव खालीवर होत हुता."

"अगं, मग बाबांना का नाही दाखवलास? घरात जाणता माणूस होता की!"

"आन् त्यांनी बी खोटा म्हणला असता तर? माझ्या आईची अब्रू गेली असती न्हवं तुझ्या बापापुढं." मग ती हसायला लागली, रडत रडतच. "मला न्हाई धाडस झालं. तू भर पेठंत घासाय लावलास, रांडंच्ये!"

लक्ष्मीपूजनाला सासूबाईंनी तो रुपया स्वतःच्या हातानं सगळ्यांच्या वर ठेवला. मी व्हिडिओ कॉल लावून फोन चौरंगासमोर धरला. आईनं पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि म्हणाली, "आये, बघ गं. खरा निघाला तुझा."