खलाशाची गोष्ट मी पळवली

अजूनही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटतं. सत्तरच्या दशकात मी भिवंडीच्या शाळेत नववीला होते. वादविवादाला विषय आला: समुद्राच्या आंतरराष्ट्रीय करारात भारतानं सामील व्हावं का? कापडाच्या लूमच्या खडखडाटात वाढलेल्या आम्हाला समुद्राचं काय हो! पण आमच्याकडे बाजू ऐनवेळी चिठ्ठी टाकून ठरे, म्हणून मुली जोडीजोडीनं बसून दोन्ही बाजू तयार करायच्या.

माझी जोडीदारीण जवळच्या कोन गावची. तिचे वडील आता लूमवर, पूर्वी बोटीवर खलाशी. कुणी देश आपली समुद्रातली हद्द तीन मैल सांगे, कुणी बारा. त्या घोळात त्यांची बोट परक्या हद्दीत पकडली गेली आणि ते चार महिने कोठडीत. गावानं परस्पर ठरवून टाकलं, हा स्मगलर. "सगल्यांसमोर खरं काय ते मी सांगनार हाय," ती मला म्हणाली. ते ऐकायला वडिलांनी शिफ्ट बदलून घेतली होती.

चिठ्ठीत मला 'नको' आलं, तिला 'हवं'. पहिली मी. करार मोठे देश लिहिणार नि आपण अंगठा उठवणार, एवढं बोलून माझं सगळं संपलं. पुढे काही सुचेना. आणि मी मेली तिचीच गोष्ट काढली! आपल्या कोन गावचाच एक खलाशी, म्हणत सुरू केलं, वर मीठमसाला: बोटीत म्हणे चोरट्या घड्याळांच्या पेट्या होत्या, असल्यांना कुठला करार वाचवणार? हॉल हसून हसून बेजार. खोटं कशाला सांगू, टाळ्यांनी मला चेव आला.

मग ती उठली. "आदरणीय परीक्षक," एवढंच म्हणाली आणि खाली बसली.

पहिला नंबर माझा आला. बाहेर तिचे वडील भेटले. "झकास बोललीस, पोरी," म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. "पन पेट्या न्हवत्या गं. कापूस व्हता." मग लेकीकडे वळले. "तूच सांगितलंस ना हिला?"

तिनं 'हो' म्हणून मान हलवली. गोष्ट तिनंच सांगितली होती; पेट्या माझ्या होत्या. "काका, ते मी घातलं," एवढं म्हणायचं होतं फक्त. तेवढंही म्हटलं नाही. ते चालू लागले, ती दोन पावलं मागून. त्यानंतर त्यांनी तिच्यापाशी बोटीबद्दल एक शब्द काढला नाही. हे तिनंच मला सांगितलं, आणि तेव्हाही मी गप्प बसले.