लॉक सुटेना

कुरुंद्याच्या शिवारातून डांबरी सडकेवर आलो आणि पहिल्याच वळणावर गाडी वळेचना. मी स्टिअरिंग पुरतं फिरवलं होतं, तरी जीप सरळ समोरच्या बाभळीकडे निघालेली. मागचं टायर किंचाळलं. मागे जोडलेला हळद शिजवायचा कुकर गदगदा हलला. शेजारी बसलेल्या नवऱ्याने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला.

"अगं, लॉक काढलं न्हाई का?"

"काढलंय! बटण बंद हाय, दिवा बी बंद हाय."

बाभळीपासून हातभर अंतरावर गाडी थांबली.

हळदीच्या हंगामात आम्ही दोघं वसमत-कळमनुरीकडच्या शेतांमधून फिरतो आणि लोकांची हळद शिजवून देतो. भट्टी आणि वाफ नवऱ्याकडे, गाडी माझ्याकडे. गाडी जुनी, चारही चाकांना ताकद देणारी. आधीचा मालक पुण्याकडचा हौशी माणूस होता. सुट्टीच्या दिवशी मुद्दाम चिखलात गाडी घालायची आणि बाहेर काढायची, हा त्याचा छंद. त्यासाठी त्याने मागच्या डिफरन्शलला हवेवर चालणारं लॉक बसवून घेतलं होतं. मला ते लॉक गाडीपेक्षाही जास्त आवडायचं.

ते काय करतं, हे मी मोबाईलवर पाहून पाहून शिकले होते. नांगराचं तास संपल्यावर बैलजोडी वळते तेव्हा आतला बैल जागच्या जागी फिरतो आणि बाहेरच्याला लांबून चालावं लागतं. गाडीच्या चाकांचंही तसंच. दोन चाकांना कमी-जास्त फिरू देणारी जी गिअरची पेटी मागच्या दोन चाकांच्या मध्ये असते, ती डिफरन्शल. रस्त्यावर ती फार सोयीची. पण एक चाक चिखलात गेलं की सगळी ताकद त्या मोकळ्या चाकाकडे पळते, ते नुसतं गरगर फिरतं आणि दुसरं ढिम्म. अशा वेळी बटण दाबायचं. छोटा कॉम्प्रेसर हवा पाठवतो, आत दांडा सरकतो आणि दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात. बाहेर आल्यावर बटण बंद केलं की हवा निघून जाते, चाकं मोकळी होतात.

त्या दिवशी ती होत नव्हती. सकाळी पाटाच्या पाण्याने भिजलेल्या वाटेवरून कुकर ओढताना मी लॉक लावलं होतं. हंगामातली ती पहिलीच वेळ. आता मी गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली, पुढे घेतली. कधी कधी ताण सुटला की लॉकही सुटतं. सुटलं नाही. कुकर तिथल्याच एका ओळखीच्या शेतात ठेवला आणि वळणावळणाला टायरच्या किंकाळ्या ऐकत आम्ही दुपारी कळमनुरीला पोचलो. दोन दिवसांनी पुन्हा कुरुंद्यालाच जायचं होतं. एका ताईंची हळद काढून शेतात पडली होती आणि आभाळाचा काही भरवसा वाटत नव्हता.

नांदेड रोडवरच्या पहिल्या गॅरेजवाल्याने खाली वाकूनही पाहिलं नाही. "आतले दात गेले असतील. सगळं खोलावं लागंल. आठ दिवस सोडा गाडी."

मग आम्ही चाचांकडे गेलो. चाचा म्हणजे ट्रॅक्टरचे मिस्त्री, साठीच्या पुढचे, पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. त्यांनी आधी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बेटा, हे हवेचं लॉक मी आजवर पाहिलं न्हाई."

माझा चेहरा पडला असावा, कारण ते लगेच हसले. "पण ट्रॅक्टरला लॉक असतंच की. पाय दाबला की बंद, पाय उचलला की मोकळं. इथं पायाच्या जागी हवा हाय. मग आपण हे बघू, की पाय उचलला का न्हाई."

त्यांनी पुढच्या चाकांना दगड लावले, मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलून खाली भक्कम लोखंडी घोड्यांचा टेकू दिला, इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये टाकली. "आता हे चाक फिरव."

मी दोन्ही हातांनी जोर लावला. चाक जागचं हललं नाही.

"बराबर. लॉक हाय. मोकळं असतं तर हे इकडं फिरलं असतं अन् पलीकडचं उलटं." असं म्हणून ते पाना घेऊन गाडीखाली सरकले. हवेची बारीक निळी नळी जिथे डिफरन्शलमध्ये शिरते, तिथला नट त्यांनी हळूहळू ढिला केला.

फुस्स!

"आता फिरव!"

चाक फिरलं! एवढं हलकं फिरलं की मी पुढे झुकून पडतापडता वाचले. पलीकडून नवरा ओरडला, "उलटं फिरून राहिलं! इकडचं उलटं फिरून राहिलं!" एरवी हा माणूस भट्टीचा काटा लाल पट्ट्यात गेला तरी आवाज चढवत नाही. मी चाक इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, पुन्हा पुन्हा फिरवलं. लहानपणी जत्रेतला पाळणा हाताने फिरवायला मिळाला असता तर असाच आनंद झाला असता.

चाचा खालून बाहेर आले. तेही खुशीत होते. "आतलं सगळं सलामत हाय. दात बी, स्प्रिंग बी. हवा आत गेली, पण तिला बाहेर यायला वाट मिळंना. वाट कोणी अडवली?"

"व्हॉल्व!" मी म्हणाले. आम्ही तिघंही बॉनेटकडे धावलो. खरोखर धावलो.

हवा आत सोडणारा आणि बाहेर काढणारा तो व्हॉल्व कॉम्प्रेसरला लागूनच होता, आगपेटीएवढा. मी बटण दाबलं, बंद केलं. दोन्ही वेळा आतून टक् असा आवाज आला. म्हणजे तो काम करत होता. चाचांनी चष्मा कपाळावर सरकवून त्याच्या खालच्या अंगाला बोट फिरवलं. "इथं एक छेद पाहिजे होता, हवा सोडायचा. हे काय लिंपलंय?"

मी टॉर्च धरला. छिद्राच्या जागी मातीचा गुळगुळीत, वाळून कडक झालेला ठिपका होता. चाचांनी मला बारीक तार दिली. मी टोकरलं तशी माती भुकटी होऊन पडली आणि तिच्यामागून एक सुकलेली हिरवी अळी बाहेर आली.

"कुंभारीण!" नवरा म्हणाला.

पावसाळाभर गाडी शेडमध्ये उभी होती, लॉकला कुणी हात लावला नव्हता. त्या मधल्या काळात कुंभारीण माशीने त्या छिद्रात आपल्या पिल्लाची खोली बांधली होती, आत खाऊ म्हणून ती अळी ठेवून दार लिंपून टाकलं होतं. आठ दिवस गाडी सोडा म्हणणारा तो माणूस आठवला आणि मला हसू आवरेना. चाचाही इतके हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं.

पण त्यांनी तेवढ्यावर सोडलं नाही. नळी परत बसवून कॉम्प्रेसर चालू केला, लॉकचं बटण दाबलं. हवा भरल्यावर तो गप्प व्हायला हवा होता, पण दर थोड्या वेळाने घुरघुरायचा. "कुठूनतरी हवा जाऊन राहिली," असं म्हणून चाचांनी साबणाचं पाणी ब्रशने सांध्यांवर लावलं. आम्ही नुकत्याच खोललेल्या सांध्यावर बुडबुडा फुगला. खोलताना नळीच्या टोकाला ओरखडा पडला होता. ते बोटभर टोक त्यांनी ब्लेडने सरळ कापलं, नट पुन्हा आवळला. बुडबुडा आला नाही, कॉम्प्रेसर गप्प बसला. मग डिफरन्शलचं तेल बोटावर घेऊन पाहिलं. पाणी शिरलं असतं तर ते दुधट झालं असतं. ते स्वच्छ निघालं. शेवटी मी समोरच्या हॉटेलातून फुटकी चहाची गाळणी मागून आणली आणि तिच्या जाळीचा तुकडा त्या छिद्रावर तारेने बांधला. हवा जाईल, माशी जाणार नाही.

दोन दिवसांनी कुकर पुन्हा जोडून आम्ही कुरुंद्यात त्या ताईंच्या शेतात होतो. निम्मी हळद शिजवून वाळत घातलेली, निम्मी ढिगात. दुपारी तीनला पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. ताई रडकुंडीला आल्या. "माझ्याकडं दोनच ताडपत्र्या हायेत बाई. बाकीच्या गावात दिराच्या घरी हायेत!"

मी गाडी काढली. गावातून ताडपत्र्या भरल्या तोवर टपोरे थेंब सुरू झाले. परतताना शेताच्या वाटेवरची काळी माती टायरला लाडवासारखी चिकटू लागली. शेवटच्या चढाला मागचं डावं चाक गरगर फिरायला लागलं आणि गाडी मागे घसरली. मी थांबले. कॉम्प्रेसर चालू केला, लॉकचं बटण दाबलं. दिवा लागला. हळूच क्लच सोडला.

दोन्ही चाकांनी एकदम जमीन धरली! गाडी अशी वर चढली, जणू कुणी दोर लावून ओढली. मी आत एकटीच "चल! चल!" ओरडत होते.

वर पोचताच बटण बंद केलं, आणि खळ्याभोवती वळायला स्टिअरिंग पुरतं फिरवलं. गाडी अलगद वळली. काहीच वाजलं नाही.

पुढचा अर्धा तास आम्ही तिघं नुसते पळत होतो. ताईंनी एक टोक धरायचं, मी दुसरं, नवरा दगड ठेवत जायचा. वाऱ्याने एक ताडपत्री उडवली आणि कडेची काही हळद भिजली. बाकीची वाचली. पाऊस थांबला तेव्हा आमचे हात कोपरापर्यंत पिवळे होते आणि पाय गुडघ्यापर्यंत काळे.

मी तिथूनच चाचांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी चढ केवढा होता विचारलं, चिखल किती होता विचारलं, मग पुन्हा चढाचंच विचारलं. शेवटी म्हणाले, "पुढच्या खेपेला मला गाडीत बसव बेटा. मला ते आतून बघायचंय."

ताईंनी तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवला. चहा पिऊन नवऱ्याने भट्टीतली ओली राख काढली, कोरडी लाकडं घातली, आणि आम्ही ढिगातली उरलेली हळद शिजवायला घेतली.